सोलापुरातला तो जानेवारी

नव्या वर्षाच्या पहिल्या अंकासाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा मनात पेरणी, फवारणी, खत-मात्रा असलाच विषय होता. पण लेखणी हातात घेतली आणि आठवला तो २०२५ सालचा जानेवारी. त्या एका महिन्यात आमच्या घरावर जे आले आणि त्यानिमित्ताने जे सोलापूर मी नव्याने पाहिले, तेच सांगावे असे वाटले. त्यात आनंद आहे, दुःख आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. ती चूक तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मी मूळचा मंगळवेढे तालुक्यातला. नोकरी कृषी खात्यात, विस्ताराच्या कामाची. त्या वेळी नेमणूक लातूर जिल्ह्यात होती. गावी थोरले बंधू शेती पाहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी बी.एस्सी. झालो तो त्यांच्या कष्टावर, हे गावात लहान पोरालाही ठाऊक आहे.

येळवस चुकली

आमच्या सीमेकडच्या भागात मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस, वेळ अमावस्या. घरात त्या दिवशी कोणी राहत नाही. कडब्याची कोप करायची, पाच दगड मांडून त्यांना चुन्याने रंगवायचे, पांडव म्हणून पूजा करायची. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. जो बांधावर येईल त्याला जेवू घालायचे. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली. अण्णांचा आठ दिवस आधी फोन आला, "बापू, औंदा तरी ये. ज्वारी झकास आलीय."

मी गेलो नाही. वर्षअखेरीचे कागद पुरे करायचे होते. लातूर भागातही येळवस मोठी. तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने आग्रह केला, म्हणून दुपारी त्यांच्या शेतात जाऊन आंबील प्यालो. दुसऱ्याच्या शेतात पोटभर जेवलो, आपल्या शेताकडे पाठ केली. तेव्हा त्यात काही वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे १ जानेवारीला, सकाळी साडेनऊ वाजता पुतण्याचा फोन आला. नव्या वर्षाच्या शुभेच्छा असतील म्हणून हसतच उचलला. तिकडून आवाज आला, "काका, अण्णांचा हात मशीनमध्ये गेला."

एस. टी.तले चार तास

लातूरहून औसा, तुळजापूर करीत सोलापूर. एरवी हा रस्ता मला फार आवडतो. जानेवारीत दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली असते, हरभरा घाट्यावर असतो, करडईला कळ्या धरत असतात. गाडी चालू असताना कुठे पेरा उशिरा झाला, कुठे दाट झाला, हे मी खिडकीतून पाहत असतो. त्या दिवशी काही दिसले नाही. तुळजापुरात गाडी थांबली तेव्हा लोक चहाला उतरले. मी जागचा हललो नाही.

डोळ्यांपुढे एकच दिसत होते. दर वर्षी तुरीच्या मळणीच्या दिवसांत मी गावोगाव सभा घेतो. चावडीसमोर, शाळेच्या पटांगणात, देवळाच्या ओट्यावर. मळणी यंत्र कसे हाताळावे, कपडे कोणते घालावेत, परनाळ कशी असावी. पंचवीस वर्षे हे भाषण केले. आपल्या खळ्यावरचे यंत्र मात्र एकदाही पाहिले नव्हते.

झाले होते असे. तूर काढून वाळवून ठेवलेली. यंत्र भाड्याचे, ट्रॅक्टरवर चालणारे. तुरीच्या फांद्या जाड, परनाळीत अडकतात म्हणून तिच्यावरचे पत्र्याचे झाकण कोणीतरी मागेच काढून टाकलेले. सकाळची थंडी, म्हणून अण्णांच्या अंगात सैल बाह्यांचा स्वेटर. एक पेंढी अडकली, ती त्यांनी हाताने आत रेटली. बाही आत ओढली गेली. ट्रॅक्टरजवळ पुतण्या उभा होता म्हणून इंजिन तत्काळ बंद झाले. नाहीतर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

तालुक्याला पट्टी बांधून १०८ च्या गाडीने त्यांना सोलापूरला आणले. मी पोहोचलो तेव्हा शस्त्रक्रिया चालू होती. उजव्या हाताची दोन बोटे गेली, तर्जनी आणि मधले. चिरडलेली असल्याने जोडण्यासारखी नव्हती. अंगठा आणि तळवा वाचला. वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सगळ्या गावांना सांगता. आमचं खळं तेवढं राहिलं बघा."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

तीन भाषांचा व्हरांडा

पुढचे पंधरा दिवस मी सोलापुरात काढले. दिवसा अण्णांजवळ, रात्री व्हरांड्यात चादर अंथरून. चादर अर्थात सोलापुरीच. थंडीत तिची किंमत कळते.

त्या व्हरांड्याने मला सोलापूर शिकवले. उजवीकडच्या कुटुंबाची भाषा कानडी, अक्कलकोटकडचे शेतकरी. डावीकडे यंत्रमागावर काम करणारे तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंब. समोर आमच्यासारखे मराठी. पण डबा उघडला की भाषा एकच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. अक्कलकोटच्या आजींनी पहिल्याच दिवशी कडक भाकरी मोडून माझ्या हातात दिली आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण जेवून घे, एवढे कळले.

हे शहर गिरण्यांचे आणि मागांचे म्हणून ओळखले जाते. पण भोवती जिल्हा पसरला आहे तो कोरडवाहू शेतकऱ्यांचा. पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, तोही बेभरवशाचा. म्हणूनच कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र १९३३ साली इथे सुरू झाले. उताराला आडवी मशागत, बांधबंदिस्ती, ओल धरून ठेवणे, विरळ पेरणी, वेळेवर कोळपणी. आज आपण सहज बोलतो त्या अनेक गोष्टींचे धडे सोलापूरच्या काळ्या रानात घेतले गेले. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथेच, पुणे रस्त्यावर केगावला. कॉलेजात असताना सहलीला आलो होतो तेव्हा या गोष्टी वहीत उतरवून घेतल्या होत्या. व्हरांड्यात झोपल्यावर त्यांचा अर्थ लागला.

१२ जानेवारीला सकाळी औषधे आणायला बाहेर पडलो, तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ हार घेऊन माणसे उभी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रज सरकारला असा हिसका दाखवला की शहरात लष्करी कायदा पुकारावा लागला. त्यानंतर या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. आमचा व्हरांडा आणि हा चौक यांत मला त्या दिवशी फार फरक वाटला नाही. मीही एक हार घेतला, घातला आणि औषधे घेऊन परत आलो.

सिद्धरामेश्वरांची जत्रा

संक्रांत जवळ आली तसे शहर बदलू लागले. सोलापूरची ही जत्रा ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची. लोक तिला गड्ड्याची जत्रा म्हणतात. होम मैदानावर पाळणे, खेळ, दुकाने, भांडी, खेळणी. विजापूर रस्त्याकडे जनावरांचा बाजार.

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी. त्यांची वचने कानडीत आहेत. त्यांनी सोलापुरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांना बरोबर घेऊन तळे खोदले, अशी श्रद्धा आहे. भुईकोट किल्ल्याला लागून ते तळे आजही आहे, आणि त्याच्या पाण्यात देऊळ. ज्या मुलखात पाऊस रुसतो तिथे देवाचे नाव घेऊन आधी तळे खोदणारा हा संत मला फार जवळचा वाटतो. आजच्या भाषेत सांगायचे तर पाणी अडवा, पाणी जिरवा हे काम त्यांनी आठशे वर्षांपूर्वी केले.

जत्रेची कथाही गोड आहे. एका कुंभार कन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचे होते. ते योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची परवानगी दिली. त्या विवाहाची आठवण म्हणून दर वर्षी हा सोहळा होतो. सात उंच नंदीध्वज, वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे, मिरवणुकीने निघतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, पुढे तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम आणि शोभेचे दारूकाम.

अक्षतेच्या दिवशी अण्णाच म्हणाले, "जा, बघून ये. माझ्यापाशी बसून बोट उगवायचं नाही." पंधरा दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा.

मी गेलो. पांढरी बाराबंदी घातलेल्या माणसांचा समुद्र. 'हर्र बोला हर्र' चा गजर. नंदीध्वज पेलणारा गडी एकटा असतो. तो एवढा उंच, जड ध्वज तोलत चालतो, पण त्याच्या चारी बाजूंना माणसे असतात. तोल जातोय असे वाटले की दहा हात पुढे येतात. मी शेतीचा माणूस, मला कीर्तन जमत नाही. पण गर्दीत उभा राहून वाटले की आमचे अण्णा चाळीस वर्षे असाच ध्वज एकटे पेलत आले. बाजूला हात लावायला मी नव्हतो. अक्षता पडल्या. थोड्या शर्टाच्या खिशात अडकल्या, त्या तशाच नेऊन अण्णांच्या उशाशी ठेवल्या.

काळ्या रानात

अण्णांना सोडले त्या दिवशी संक्रांत होऊन गेली होती. गाडीत पुतण्या, वहिनी, अण्णा आणि मी. सोलापूर ते मंगळवेढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रस्ता आता मोठा झाला आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी.

मंगळवेढ्याचे रान ज्याने पाहिले नाही त्याला सांगतो. खोल, काळी, भारी जमीन. उन्हाळ्यात माणसाचा पाय जाईल अशा भेगा पडतात. परतीच्या पावसाने ती पोटभर पाणी पिते आणि त्याच ओलीवर, वर एक थेंब न पडता, थंडी आणि दव यांच्या आधाराने ज्वारी उभी राहते. दाणा पांढरा, मोत्यासारखा, भाकरी मऊ आणि गोड, कडबा जनावरे आवडीने खातात. म्हणूनच या भागाला ज्वारीचे कोठार म्हणतात. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. इथली मालदांडी पुढे मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून मालदांडी ३५-१ झाली आणि देशभर गेली. पंधराव्या शतकात दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली करणारे संत दामाजीपंत याच मंगळवेढ्याचे. कोठार आणि भूक यांचे नाते या मातीला फार जुने आहे.

घरी न जाता अण्णांनी गाडी आधी शेताकडे न्यायला लावली. ज्वारी हुरड्याच्या पुढे गेली होती, दाणा टणक होत होता. कणसावर पाखरे बसलेली. अण्णांची गोफण आमच्या भागात नावाजलेली. त्यांनी सवयीने उजवा हात उचलला, पट्टी बांधलेली पाहिली आणि खाली घेतला. वहिनींनी काही न बोलता पत्र्याचा डबा उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. पाखरे उठली. मी बांधावर तोंड फिरवून उभा राहिलो.

तिथेच पुतण्याने विषय काढला. मुलगा शहाणा आहे, पदवीधर आहे. म्हणाला, "काका, ही शेवटची ज्वारी. उपटायला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी परवडत नाही. अण्णांचा हात असा. पुढच्या वर्षी बोअर घेतो, ऊस लावतो. नाहीतर रान बटईनं देऊ."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्वारी उपटणे हे शेतीतले सर्वांत जाचक काम. हाताला फोड येतात, कंबर मोडते. ज्वारीचे क्षेत्र घटते आहे ते उगाच नाही. मी अधिकारी म्हणून त्याला सुनावले असते, पण आता मला तो अधिकार उरला नव्हता. म्हणून हिशेब मांडला. सुरू उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी लागते, आपल्याकडे पाऊस त्याच्या चौथाईच्या आसपास. २०२३ साली पाऊस रुसला तेव्हा उजनी धरणाचे काय झाले ते त्यानेही पाहिले होते. पुढच्या ऑगस्टात धरण भरले हे खरे, पण दर वर्षी भरेल असे लिहून कोण देणार?

अण्णा शांत ऐकत होते. मग म्हणाले, "बहात्तर साली मी आठ-नऊ वर्षांचा. घरात दाणा नव्हता. परदेशातला तांबडा मिलो रांगेत उभा राहून आणला होता. त्याची भाकरी आईनं थापली आणि रडली. तेव्हापासून कणगीत ज्वारी असली की मला झोप लागते. तुला पटेल तसं कर. पण सगळं रान उसाला देऊ नको."

ज्वारी निघाली

फेब्रुवारीच्या शेवटी मी पंधरा दिवसांची रजा काढली. नोकरीत एवढी सलग रजा पहिल्यांदाच. पैसे देऊनही माणसे मिळत नव्हती, म्हणून जुनी सावड पुन्हा घातली. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. माझे हात तिसऱ्या दिवशी सोलले. पुतण्याने सलग फोड फोडले पण थांबला नाही. अण्णा डाव्या हाताने पेंढ्या मोजत बसले होते. चार एकर ज्वारी सावडीने निघाली.

मळणीला यंत्र आले तेव्हा अण्णांनी आधी परनाळ पाहिली. झाकण नव्हते. त्यांनी यंत्र परत पाठवले. झाकण बसवून दुपारी आले तेव्हा मळणी सुरू झाली. मालकाला राग आला असेल, पण अण्णांचा हात पाहून तो काही बोलला नाही.

पुतण्याशी तोडगाही निघाला. दोन एकर मालदांडी कायम ठेवायची. अर्धा एकर फुले मधुर हुरड्यासाठी, हमरस्त्यावर विकायची. उरलेल्या रानाचे पाणी पाहून ठरवायचे. आसपासच्या पाचजणांत मिळून छोटे कापणी यंत्र घेण्याचा विचार चालू आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने पेरणी लांबली, पण झाली. डिसेंबरात येळवस आली तेव्हा मी आदल्या रात्रीच गावी पोहोचलो होतो. आंबील अण्णांनी डाव्या हाताने वाढली. सांडली नाही.

एवढे करा

बंधूंनो, आता तुरीची मळणी जोरात असेल. अधिकारी म्हणून नव्हे, घरचा माणूस म्हणून सांगतो.

यंत्राची परनाळ निदान ९० सेंटीमीटर लांब हवी आणि तिचा ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. झाकण काढलेले यंत्र खळ्यावर येऊ देऊ नका. पट्टा आणि शाफ्ट उघडा नको. सैल बाही, उपरणे, मफलर, लोंबता पदर, हातातले कडे काढून ठेवा. थंडी असेल तर ऊन वर आल्यावर काम सुरू करा. पेंढी अडकली तर यंत्र आधी बंद, मग हात. ट्रॅक्टरजवळ एक माणूस कायम उभा हवा. थकलेल्या आणि प्यालेल्या माणसाला यंत्राजवळ फिरकू देऊ नका.

देव न करो, पण अपघात झालाच तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन करा. बोट तुटले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. शेतकरी अपघाताची सानुग्रह अनुदान योजना स्वर्गीय गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत करावा.

आणि एक शेवटचे. ज्यांचा भाऊ शेतावर आणि स्वतः नोकरीवर, अशांनी येळवस, पोळा, भोगी यांतला एक दिवस तरी बांधावर काढावा. जेवायला म्हणून जा, पण खळ्यावरचे यंत्रही एकदा पाहून या.

संक्रांतीचा तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि दहाही बोटे सांभाळा.